दोरी निवृत्तीच्या हातात

३ नोव्हेंबर १९८६, सोमवार. साखळी, गोवा

आज अग्निशमनाच्या कोर्सच्या जोड्या लावल्या. कोर्स संपेपर्यंत हीच जोडी, कुणी रडत माझ्याकडे यायचं नाही, असं बाबाजी सरांनी आधीच सुनावलं. बाबाजी सर म्हणजे आमचे मुख्य शिक्षक. नौदलात आगी विझवण्यात वीस वर्षं घालवलेला माणूस. मोरजीचा दत्तप्रसाद माझ्या शेजारीच उभा होता, त्याच्याशीच जोडी लागणार अशी माझी अटकळ. पण सरांनी यादीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, कृष्णनाथ, तू निवृत्तीबरोबर. बाकी कुणाकडे असं बघितलं नव्हतं. माझ्याकडेच का?

निवृत्ती सुर्ल्याचा. म्हणजे राहायला सुर्ल्याला, मूळचा गडहिंग्लजकडचा. बाप खाणीवर कामाला. आमच्या कोरगावात अशांना सरसकट घाटी म्हणतात. मी तोंडावर म्हणत नाही. निवृत्ती बोलतो कमी, बघतो जास्त, आणि असल्या माणसांची मला धास्ती वाटते. हॉस्टेलात खोलीही जोडीनेच मिळते, तेव्हा संध्याकाळी तो ट्रंक घेऊन आला. जनेलाजवळची, म्हणजे खिडकीकडची खाट रिकामी असून त्याने दाराकडची घेतली. म्हटलं, का रे? तर म्हणाला, मला कुठंबी झोप लागती. जनेलातून पहाटे थंडी येत असणार, हे त्याने आधीच कुणाकडून तरी काढून घेतलं असेल.

ही वही ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली करगोट्याला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

धुराच्या खोलीत पहिल्यांदा गेलो. खोली कसली, खाणवाल्यांचं जुनं गोदाम. आत ओला भुसा आणि नारळाची सोडणं पेटवून धूर कोंडतात. तोंडाला ओलं फडकं बांधून आत शिरायचं, रांगत जाऊन गोणपाटाचा माणूस शोधायचा, आणि बारा मिनिटं आत टिकायचं. आत जाणाऱ्याच्या छातीला दोरी. ती त्याच्या जोडीदाराने स्वतः बांधायची आणि दुसरं टोक बाहेर ताणून हातात धरायचं. आतून एक हिसका आला तर ठीक आहे, दोन आले तर ढील सोड, तीन आले की विचार न करता बाहेर ओढ. बारा मिनिटांच्या आत बाहेर आलात तर खाडा. असे तीन खाडे झाले की अंतिम परीक्षेला बसता येत नाही.

निवृत्तीने मला सातव्या मिनिटाला ओढून काढलं.

मी दोरी ओढलीच नव्हती! मला जरा ठसका लागला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते कुणाला येत नाही? मी भिंतीला हात लावून पुढे सरकत होतो तेवढ्यात छातीला कचकन आवळलं आणि मी फरफटत बाहेर. वर हा शहाणा सरांना सांगतो की तीन हिसके आले. बाकीचे हसले. दत्तप्रसाद पंधरा मिनिटं राहिला.

म्हणजे पहिल्याच दिवशी खाडा. आणि हा दाराकडच्या खाटेवर स्वस्थ घोरतोय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

एक गोष्ट कुठेतरी लिहून ठेवली पाहिजे, नाहीतर माझं डोकं फुटेल. मला दमा आहे. लहानपणापासून. आईला ठाऊक, बहीण भाग्यलक्ष्मीला ठाऊक, बाकी कुणाला नाही. पेडण्याच्या डॉक्टरनी कोर्ससाठी तपासलं तेव्हा मे महिना होता, छाती स्वच्छ वाजली, त्यांनी सही ठोकली. फॉर्मवर खाली छापलं होतं, दुखणं लपवलेलं आढळल्यास नाव कमी करण्यात येईल. मी वाचून सही केली.

नाव कमी झालं तर घरी जाऊन थोरल्या भावाच्या हाताखाली दुकानात बसायचं. तो आत्ताच म्हणतो, आमचा कृष्णा आगी विझवणार, आधी चुलीचा धूर सोस म्हणावं. बाबांनी मात्र सातेरीच्या देवळात नारळ फोडून साऱ्या गावाला सांगितलंय. पास होणाऱ्यांना नव्या ठाण्यांवर घेणार आहेत, पेडण्यालाही ठाणं निघायचं आहे. खाकी घालून पेडण्याच्या बाजारातून एकदा बंबावरून गेलो की बस्स, मग भावाने काय म्हणायचं ते म्हणावं.

गोळ्या दाढीच्या साबणाच्या डबीत ठेवल्यात. साबण दुसऱ्या कागदात.

२१ डिसेंबर, रविवार

राजभाषा मराठी की कोकणी, यावरून सगळीकडे तापलंय. दोन दिवस बसेस नाहीत, रस्त्यांवर झाडं आडवी. वर्ग बंद. हॉस्टेलात दोन तट. आम्ही पेडणे-डिचोलीची पोरं मराठीवाली, तिसवाडी-सासष्टीची कोकणीवाली, जेवताना वेगवेगळ्या बाकांवर बसतो. गंमत म्हणजे भांडताना दोन्हीकडचे एकाच बोलीत शिव्या घालतात.

निवृत्ती कुठल्याच बाकावर नाही. स्वयंपाक्याशेजारी पाटावर बसून पातळभाजी-पाव खातो. मी खोलीत त्याला छेडलं. म्हटलं, तुझ्या घरात मराठीखेरीज दुसरी भाषा नाही आणि तूच गप्प? तर म्हणाला, "तुमचं मिटलं की सांगा. मला कुठलीबी चालंल. दोन्हीकडचे मला बाहेरचाच म्हणत्यात."

मला हे उत्तर पटलं नाही. ज्याला बाजू नाही तो कुठल्याही बाजूला कळ लावू शकतो.

बसेस नाहीत म्हणून वेळ जाईना, तेव्हा मात्र बराच बोलला. सुर्ल्याला चार वर्षांचा असताना आला. पहिली-दुसरी तिथेच. मग आई हौसा आजारी पडली तर दोन वर्षं आजोळी धाडला, तिसरी-चौथी गडहिंग्लजकडे काढली, मग परत सुर्ल्याला. आजोळच्या विहिरीत पोहायला शिकला वगैरे. मी हूं हूं केलं. मग एकदम म्हणाला, "तुला रात्री झोप लागत न्हाई का रे? उठून बसतोस." म्हटलं, मच्छर चावतात. चौकशी बघा किती!

१४ जानेवारी १९८७, बुधवार

आज खोल्यांची तपासणी. प्रिन्सिपल, बाबाजी सर आणि एक कारकून. फळीवरच्या सगळ्या डब्या उघडून बघितल्या, विडी-काडी सापडते का म्हणून. पण फळीवर साबणाची डबी नव्हतीच! तपासणी झाली, ते गेले, मी वेड्यासारखी शोधली. गादीखाली सापडली. गोळ्या होत्या तेवढ्याच.

मी तिथे ठेवलेली नाही. सकाळी मी आंघोळीला गेलो होतो, खोलीत निवृत्ती एकटा. म्हणजे त्याने माझी डबी उघडली, आत काय आहे ते बघितलं, आणि जागा बदलून ठेवली, मला कळावं म्हणून. मला कळलं बरं का तुला, असं न बोलता सांगायची ही रीत. शिरां पडो त्याच्या तोंडार. आता मी त्याच्या मुठीत.

विचारलं नाही. विचारलं की कबूल केल्यासारखं होतं.

२० जानेवारी, मंगळवार

दुपारी निवृत्ती बाबाजी सरांच्या खोलीतून बाहेर पडताना बघितला. मला बघून दचकला. म्हटलं, काय काम होतं? तर म्हणाला, काही नाही, डोळ्यांचं सांगायला गेलो होतो, धुरानं चुरचुरत्यात. याचे डोळे! हा धुरात उघड्या डोळ्यांनी वीस मिनिटं बसणारा माणूस. खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं.

रात्रीपर्यंत वाट बघितली, सरांचं बोलावणं येतं का. आलं नाही. पण ते काय लगेच बोलावणार? आधी टाचण करून ठेवतील.

१० फेब्रुवारी, मंगळवार

माझा संशय खरा ठरला. इतके दिवस आमची जोडी धुरात पहिली जायची. आज सरांनी यादी बदलली, आम्ही सगळ्यांत शेवटी. कारण सांगितलं नाही. शेवटचा असल्यावर सगळे बाहेर आलेले असतात, हातपाय धुऊन भिंतीवर बसलेले, आणि फुकटचा तमाशा बघतात. सरांना माझी परीक्षा सगळ्यांसमोर घ्यायची आहे. निवृत्तीने पेरलेलं उगवलं.

तरी आज बरा होतो. शेवटपर्यंत धूरही जरा पातळ झालेला. मनात मिनिटं मोजत होतो, नऊपर्यंत आलो, मग एक उबळ आली, आणि कचकन! परत बाहेर. दहा मिनिटं. दुसरा खाडा.

या वेळी मी गप्प बसलो नाही. सगळ्यांदेखत त्याची कॉलर धरली. म्हटलं, मी दोरी ओढली नाही, तू कुणाच्या सांगण्यावरून ओढतोस? तो कॉलर सोडवून घेईना की हात उगारीना. म्हणाला, "तीन हिसके आले, मी ओढलं. परत आले तर परत ओढीन."

सरळ धमकी. बावीस पोरांसमोर.

आता एकच उरला. आणखी एक खाडा आणि मी दुकानात, तागडीमागे.

८ मार्च, रविवार

घरी जाऊन आलो. भावाने विचारलं, किती आगी विझवल्यास? बाबा म्हणाले, गप रे, तो जून महिन्यात पास होणार. मला त्यांच्याकडे बघवेना.

परत येताना बसमध्ये ठरवलं. हा माझा काटा काढणार हे नक्की, प्रश्न फक्त केव्हा. मग मी आधी का काढू नये? कोर्सला पंधरा वर्षांच्या गोव्यातल्या वास्तव्याचा दाखला लागतो. भाषेच्या गडबडीपासून बाहेरच्यांचे दाखले हा मोठाच विषय झालाय, प्रिन्सिपल घाबरून असतात. निवृत्तीने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय की तिसरी-चौथी गडहिंग्लजकडे झाली. मी खोटं काहीच लिहिणार नाही. एवढंच लिहिणार की सदर विद्यार्थी प्राथमिक शिक्षणासाठी परराज्यात होता, सबब त्याच्या वास्तव्याची चौकशी व्हावी. पहिली-दुसरी कुठे झाली ते चौकशी करणारे बघतील की.

डाव्या हाताने लिहिलं. खाली ‘एक गोमंतकीय’. डिचोलीच्या टपालपेटीत टाकलं, साखळीच्या नाही.

हात धुतले आणि भजी खाल्ली. चांगली लागली, हेही लिहितो.

३ एप्रिल, शुक्रवार

निवृत्तीला ऑफिसात बोलावलं. अर्ध्या तासाने परतला आणि खाटेवर बसला. कुणीतरी पत्र घातलंय, म्हणाला. चौकशी मामलेदाराकडे जाणार, निकाल लागेपर्यंत वर्गात यायचं नाही. निकाल अंतिम परीक्षेच्या आत लागला नाही तर वर्ष गेलं.

मी म्हटलं, अरे अरे. दुसरं काय म्हणणार?

माझ्याकडे बघत होता की नुसताच समोर बघत होता, कळलं नाही.

५ एप्रिल, रविवार

आज जे झालं त्याने मी चक्रावलोय. निवृत्ती कोरे ताव घेऊन आला आणि म्हणाला, "कृष्णनाथ, तुझं अक्षर चांगलं, सरकारी मराठी चांगली. माझा खुलासा लिहून दे."

याला कळलं! अक्षर जुळवून बघायला माझ्याकडून लिहून घेतोय! की पत्रातल्या ‘सबब’ आणि ‘सदर’ वरून ओळखलं? नाही म्हणालो तर संशय, हो म्हणालो तर पुरावा. शेवटी बसलो लिहायला. उजव्या हाताने, अक्षर जरा तिरकं काढून.

तो सांगत गेला. खाणीच्या जागेत खोपटं होतं, त्याला घर नंबर नव्हता, म्हणून रेशनकार्ड उशिरा झालं. पहिली-दुसरीला सुर्ल्याच्या शाळेत होता, रजिस्टरमध्ये नाव असायला हवं. मास्तर आता हयात नाहीत. आईच्या आजाराचे कागद नाहीत, कारण दवाखान्यात नेलंच नव्हतं, घरीच होती. हे सांगताना थांबला. मी विचारलं, काय आजार? म्हणाला, "छातीचा. खाणीची धूळ. रात्री उठून बसायची. आम्ही पोरं तिच्या पाठीशी पाठ लावून बसायचो, म्हणजे तिला टेकायला व्हायचं."

मी ते लिहिलं नाही, अर्जात असलं चालत नाही. बाकी अर्ज मात्र चांगला उतरला. इतका चांगला का लिहिला, मलाच ठाऊक नाही. कदाचित तो तपासून बघेल म्हणून.

२० एप्रिल, सोमवार

निवृत्ती ट्रंक घेऊन सुर्ल्याला गेला. दत्तप्रसादचा जोडीदार गल्फला नोकरी लागली म्हणून कोर्स सोडून गेला, तेव्हा सरांनी दत्तप्रसादला माझ्याशी जोडलं. शेवटी आपला माणूस मिळाला. खोलीत आल्या आल्या त्याने जनेलाजवळची खाट मागितली. दिली.

त्याला बजावून ठेवलं, काही झालं तरी मला ओढायचं नाही. मी आतून ओरडलो तरच.

६ मे, बुधवार

बारा मिनिटं! पूर्ण बारा! आत जाण्याआधी दोन गोळ्या घेतल्या होत्या, वारा खिडकीच्या बाजूने होता. बाहेर आलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे, बोलता येईना, शिडीमागे जाऊन ओकलो. पण घड्याळात बारा. सर खूप वेळ माझ्या ओठांकडे बघत होते. दत्तप्रसाद म्हणाला, निळे पडलेत. पडू देत.

बघा आता. निवृत्ती नव्हता तर झाले की नाही बारा? मी म्हणतच होतो.

१४ मे, गुरुवार

आज दत्तप्रसाद आत आणि दोरी माझ्या हातात. इतक्या महिन्यांत दोरी धरायची पाळी माझ्यावरही येत होती, पण निवृत्ती आत असला की दोरी मेल्यासारखी पडून असायची, एकदाही हलायची नाही. मी जांभया देत उभा राहायचो.

दत्तप्रसादला परवापासून सर्दी आहे. पाचव्या मिनिटाला दोरीत हिसका आला. मग लगेच दुसरा, तिसरा. मी विचार न करता ओढलं. तो बाहेर येऊन माझ्यावरच धावला.

"मियां दोरी वडलीच नाय! नुसतो खोकलंय!"

सगळे हसले. मी तिथेच उभा राहिलो. दोरी छातीला बांधलेली, बाहेरून ताणलेली. आतला माणूस खोकला की छाती उडते, आणि बाहेरच्याच्या हातात हिसके येतात. हिशेबात न बसणारे नाहीत, अगदी मोजून तीन, कारण उबळ आली की एकदाच खोकून कोण थांबतं? मुद्दाम ओढलेले आणि खोकल्याचे यांत हाताला फरकच कळत नाही. आणि नियम सांगतो, विचार करू नकोस, ओढ.

जेवलो नाही. सगळं उलटं आठवत बसलो. दोनदा दोरी हलली, दोनदा त्याने ओढलं, एवढंच. बाकी सगळं मी घातलेलं. की अजूनही त्यात काही आहे? डबी त्यानेच हलवली ना? हलवली. पण फळीवर राहिली असती तर त्याच दिवशी माझं नाव कमी झालं असतं. हे मला चार महिन्यांत एकदाही सुचलं नाही. मी स्वतःला फार हुशार समजतो.

३० मे, शनिवार

आज गोवा राज्य झालं. सकाळी संस्थेत झेंडा, भाषणं, प्रत्येकाला दोन पेढे. दोन्ही बाकांवरची पोरं आज एकत्र बसली. मी पेढे कागदात गुंडाळले आणि सुर्ल्याची बस धरली. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो.

घर म्हणजे दोन खोल्या, दारातली तुळससुद्धा खाणीच्या धुळीने तांबडी. निवृत्ती घरी नव्हता, मामलेदार कचेरीतल्या शिपायाला भेटायला डिचोलीला गेला होता, आज सुट्टी आहे हे विसरून. आई होती. हौसा. बारीक बाई, दोन वाक्यं बोलून थांबते, श्वास घेते, मग पुढे. मी नाव सांगितलं तर मला ओट्यावर बसूच देईना, आत नेऊन कदेलावर, म्हणजे खुर्चीवर बसवलं. चहा आणि उंडा पाव.

"तूच न्हवं अर्ज लिहून दिलास? शाळेतला क्लार्क म्हनला, असा अर्ज वकिलाला जमायचा न्हाई. लई उपकार झाले बाळा. तितं इतकी पोरं, एक तू आलास."

उंडा हातातच धरून बसलो. ती म्हणाली, चहात बुडवून खा. मी बुडवून खाल्ला. सांगितलं नाही. पेढे ठेवले आणि उठलो. भ्याड आहे मी, दुसरा शब्द नाही.

निघताना तिने माझी पाठ थोपटली आणि हात तिथेच ठेवला. कान देऊन ऐकल्यासारखा. म्हणाली, तुलाबी हाय का रं?

मी हो म्हटलं. घराबाहेरच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा.

१ जून, सोमवार

चौकशीचा निकाल आलेला नाही. परीक्षा गुरुवारी.

बाबाजी सरांच्या खोलीत गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं, निवृत्तीविरुद्धचं पत्र मी लिहिलं. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, का? म्हटलं, तो माझं नाव तुम्हाला सांगतोय असं वाटलं. कशाबद्दल? मग तेही सांगितलं. दमा.

सरांनी टेबलावरची टाचणी उचलून ठेवली. मग म्हणाले, "निवृत्ती माझ्याकडे एकदाच आला. जानेवारीत. डोळे चुरचुरतात, आमची जोडी शेवटी ठेवा म्हणाला, तोवर धूर बसतो. मला वाटलं, इतका दणकट पोरगा आणि डोळ्यांना घाबरतो."

मला बसायला सांगितलं नव्हतं तरी मी बसलो.

मग त्यांनी नेमकं विचारलं. "तुझ्या दम्याचं त्याला माहीत होतं?"

इथे मला सगळं लख्ख दिसलं. हो म्हणालो तर दुखणं लपवायला मदत केली म्हणून तोही अडकणार. धुरात जोडीदाराचं दुखणं लपवणं हा या धंद्यात लहान गुन्हा नाही.

"नाही सर. दोरी हलली की तो ओढायचा. बाकी त्याला काही माहीत नव्हतं."

सात महिन्यांत त्याच्याबद्दल बरं बोललेलं हे माझं पहिलं वाक्य, आणि तेही खोटं.

३ जून, बुधवार

माझ्या लेखी कबुलीवरून प्रिन्सिपलनी पत्र रद्द धरलं. सुर्ल्याच्या शाळेचं जुनं रजिस्टर सरांनी स्वतः जाऊन बघितलं, पहिली-दुसरीला निवृत्तीचं नाव आहे. दाखला खरा. त्याला बोलावून घेतलं, आणि त्यालाही तोच प्रश्न विचारला.

मग मला आत बोलावलं. निवृत्ती उभा होता. सर म्हणाले, "तू म्हणतोस याला माहीत नव्हतं. हा म्हणतो पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खोटं कोण बोलतोय?"

मी म्हटलं, मी.

निवृत्तीने माझ्याकडे बघितलं नाही. त्याला लेखी ताकीद दिली आणि परीक्षेला बसायची परवानगी. पण वर्गात तो पहिल्या तिघांत होता, ते आता राहणार नाही. माझं नाव कमी झालं. सरांनी कारणाच्या रकान्यात फक्त प्रकृती लिहिलं. पत्राचं निवृत्तीखेरीज कुणाला सांगितलं नाही, म्हणाले, ते तुझ्यापाशी ठेव.

५ जून, शुक्रवार. कोरगाव

सकाळी ट्रंक घेऊन साखळीच्या बसस्टँडवर आलो. निवृत्ती तिथे होता. परीक्षा काल झाली, पास झालाय, पेडण्याचं ठाणं निघालं की तिकडे पाठवतील म्हणतात. माझ्या पेडण्याला. मी अभिनंदन केलं आणि मग माफी मागितली. चार वाक्यं पाठ करून आल्यासारखी म्हटली.

त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "दम्याचं दोरीत कळत होतं. आईचं बघितलंय मी. तू आपणहून सांगशील म्हणून गप्प ऱ्हायलो, तिथं माझंबी चुकलं. आत मेला असतास."

मी म्हटलं, आणि पत्राचं?

तो स्टँडवर पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पत्र तू घातलंस ते आईला सांगितलेलं न्हाई. ती अजून तुझं नाव काढती, अर्ज लिहून दिलास म्हणून. तुझ्या छातीसाठी काढासुद्धा लिहून घे म्हणाली. तिच्यापाशी तू चांगला हाईस, तेवढं तसंच राहू दे. पण आता आमच्या घरी येऊ नकोस."

आवाज चढवला नाही. ट्रंक टपावर चढवायला हात लावला आणि बस सुटायच्या आधी निघून गेला.

डिचोली गेली, म्हापसा गेला, कोलवाळचा पूल गेला. मी त्याचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवून बघत होतो, त्यात आणखी काही होतं का, काही लपलेलं, काही वेगळं म्हणायचं होतं का त्याला. नव्हतं. जे म्हणाला तेच त्याला म्हणायचं होतं.